दंड हेल्मेटचा की तोंडाचा?

आज संध्याकाळी बेळगावात खानापूर रोडवर हेल्मेट नसलेले दोघे एकदमच अडवले गेले. पहिला हात जोडून, "सर, चुकलं, आईला दवाखान्यात डबा देऊन येतोय." त्याला "होगप्पा (जा बाबा), उद्यापासून घालून ये" म्हणून सोडलं. दुसरा चढ्या आवाजात, "आधी त्या कारवाल्याला धरा की!" मग काय, हेल्मेटचे ५०० तर गेलेच, शिवाय पीयूसी, इन्शुरन्स, आरसे सगळं तपासलं. नंबरप्लेटवरची अक्षरंसुद्धा बोटानं चाचपून पाहिली.

उर्मट माणूस मलाही आवडत नाही. दिवसभर धूर खात उभं राहून वर शिव्या ऐकायच्या, सोपं नाही ते (जुलैतला बेळगावचा पाऊस तर विचारूच नका). समज देऊन सोडायची मुभा पोलिसाला असावीच. पण मोटार वाहन कायद्यात उर्मटपणाचं कलम नाही. १७९ आहे ते आदेश न पाळणाऱ्याला, कामात अडथळा आणणाऱ्याला. हा बापडा मागितलेला प्रत्येक कागद काढून देत होता, फक्त तोंड सुटलेलं. पडले तर डोकं दोघांचंही फुटणार, मग पावती एकालाच का?

आणि हो, या तपासणीत एका स्कूटरवरून तिघं आरामात निघून गेले.