समाजसेवेला डिग्री कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे एकटे तुम्हीच नव्हे. जिन्यात भेटणारे काका, लग्नात शेजारच्या खुर्चीवर जेवणारी कुणाची तरी मावशी, बारावीचा निकाल लागला की मुलीला घेऊन येणारे आईवडील, सगळ्यांचा प्रश्न एकच: समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? ती आतून यावी लागते ना? मी बीएसडब्ल्यू म्हणजे बॅचलर ऑफ सोशल वर्क केलं, त्यात ग्रामीण विकास घेतला. माहेर कळव्याचं, सासरही ठाण्यातलंच. कामाला लागून आठ वर्षं झाली तरी हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात आमच्या तोंडचा 'समाजसेवा' हा शब्द काढून घेतला. सेवा म्हटली की देणारा वर आणि घेणारा खाली, म्हणून इथे 'समाजकार्य' म्हणायचं. तेव्हा मला तो शब्दांचा खेळ वाटला. खरं सांगायचं तर अजूनही कधीकधी वाटतो. पाड्यावर मला 'संस्थेवाली' म्हणतात, या दोन शब्दांच्या भांडणाशी तिथे कुणाला देणंघेणं नाही. मला फरक कळला तो फील्डवर्कच्या वहीत.

आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असायचं. ठाण्याहून कसारा लोकल पकडायची. कल्याण गेलं की गर्दी ओसरायला लागते, टिटवाळा, वाशिंद, आसनगाव करत खर्डी येईपर्यंत डब्यात भाजीच्या रिकाम्या टोपल्या आणि आम्ही. खर्डीहून जीप, जीप सोडली की अर्धा तास पायी, मग छत्तीस घरांचा कातकरी आदिवासींचा पाडा. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी तिथे पालकांची सभा ठेवली. सकाळी अकराची वेळ. चटई अंथरली, रंगीत स्केचपेनांनी केलेला तक्ता भिंतीला लावला. दोन म्हातारे आले, त्यातले एक मध्येच झोपले. रात्री घरी येऊन रेकॉर्डिंग लिहिलं. रेकॉर्डिंग म्हणजे त्या दिवसाची नोंद, वहीत, हाताने. त्यात माझं ठणठणीत वाक्य होतं: 'पालक मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत.'

आमच्या बाईंनी 'उदासीन'भोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, 'हे दिसलं की वाटलं?' त्याखाली आणखी एक ओळ: 'अकरा वाजता कोण कुठे होतं?'

मला राग आला. एवढी पायपीट, आणि यांना शब्दांची पडलीये. तरी पुढच्या खेपेला पाड्यावर मुक्काम केला. मार्च म्हणजे मोहाची फुलं गळायचे दिवस. उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली, कारण उशीर झाला तर गुरं येऊन खातात. तिथून आल्या की विहीर. विहीर म्हणजे तळाशी उतरून झऱ्याजवळ बसायचं, साचेल तसं वाटीने पाणी हंड्यात घालायचं. मी घड्याळ लावलं. एक हंडा भरायला सतरा मिनिटं लागली, आणि रांगेत बावीस हंडे होते. याच शहापूर तालुक्यात १८९२ पासून मुंबईला पाणी पाजणारा तानसा तलाव आहे आणि भातसा नदीवरचं धरणही आहे. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी भातशाचं, ठाण्याच्या नळालाही त्याच नदीचं येतं. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या रांगेत बसेपर्यंत अकरा वाजले, आणि माझ्या सभेला कोण येणार होतं ते कळलं: ज्यांना हंडा उचलवत नाही ते.

आणि छत्तीसपैकी एकोणीस घरांच्या दाराला सुतळी बांधलेली होती. कुलूप नाही, नुसती सुतळी. ती माणसं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली. पोरंबाळं, कोंबड्या, तवा, सगळं घेऊन. पावसाच्या तोंडावर परत येणार होती.

यावर थोडं थांबते, कारण माझं खरं शिक्षण इथलंच. भट्टीवर जायच्या आधी, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा, मालक उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. ती फेडायला नवराबायको हंगामभर विटा पाडतात. मजुरी हजार विटांवर. मधल्या काळात खायला आठवड्याची खर्ची मिळते, ती मजुरीतून वळती होते. शेवटी हिशेब. उचल, खर्ची, पावसात भिजून गेलेल्या विटा, सगळं वजा करून बऱ्याचदा हातात काही येत नाही, उलट बाकी निघते आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जाणं आलं. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. तो आम्हाला पेपरला होता, दहा मार्कांना. पण हिशेबाची वही कोणाकडे असते? मालकाकडे. दुसरी वहीच नाही.

मी उत्साहाने ठरवलं की भट्टीवर जाऊन बायांना हिशेब लिहायला शिकवायचं. गेले. झोपडीत एका बाईने कुडाच्या बांबूला अडकवलेली सुतळी काढून दाखवली. दर आठवड्याच्या खर्चीला एक गाठ, पैसे कमी मिळाले त्या आठवड्याला दुहेरी गाठ. मधे एक चिंधी बांधलेली होती, ती होळीची. सगळा हंगाम त्या हातभर सुतळीत होता. मी आदल्या महिन्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं: 'निरक्षर.' ते खोटं नव्हतं. पण मग मी काय शिकवणार होते? आम्ही दोघींनी मिळून त्या गाठी आकड्यांत उतरवल्या, तारखा होळीवरून मागेपुढे मोजून. मालकाच्या वहीपेक्षा तीन खर्च्या कमी भरल्या. पुढे संस्थेचे लोक घेऊन बोलणी झाली, दोन खर्च्या सुटल्या, तिसरी नाही सुटली.

तर 'आतून यावं लागतं' याबद्दल. यावंच लागतं, मी कुठे नाही म्हणते? पण 'उदासीन' हा शब्दही माझ्या आतूनच आला होता.

बाकी डिग्रीत काय असतं? समाजशास्त्र, मानसशास्त्र, व्यक्ती-सहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, पंचायत राज, आणि कायदे, भरपूर कायदे. त्यांचा कंटाळा यायचा, पण पाड्यावर तेच उपयोगी पडतात. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचं वास्तव्य दाखवणारा पुरावा मागतात. ज्याचा आजा भट्टीवर जन्मला, बाप रानात, आणि नाव कुठल्याच शाळेच्या रजिस्टरात नाही, त्याने तो आणायचा कुठून? मग पणजोबाच्या भावाचं नाव जुन्या नोंदींत शोधा, वंशावळ लिहा, गृहचौकशी होईपर्यंत खेपा घाला. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. कागदावर त्यांच्यासाठी योजना पुष्कळ, पण त्या योजनांच्या दारातच दाखला विचारतात.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. त्या नियमांनुसार अनुसूचित क्षेत्रातला, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागातला, एखादा पाडासुद्धा ठराव करून स्वतःचं गाव, स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. मी हे मोठ्या तयारीने समजावलं तर एका आजीने विचारलं, "पेसा म्हंजे कंचा पैसा?" सगळे हसले. मीही हसले आणि पुढे निघून गेले. नंतर कळलं की आदिवासी उपयोजनेतून ग्रामपंचायतींना थेट येणारा पाच टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचा पैसाही, या कायद्याच्याच क्षेत्रासाठी आहे. म्हणजे आजीचा प्रश्न बरोबर होता, उत्तर मला येत नव्हतं.

आता पोटापाण्याचं, कारण तुमच्या मनात खरा प्रश्न तोच आहे. पहिला पगार नऊ हजार होता. आज भागतं, पण माझ्यासोबत बारावी झालेल्या आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये बसणाऱ्या मैत्रिणीशी तुलना करू नका, मीही करत नाही. नुसत्या बीएसडब्ल्यूवर संस्थेत क्षेत्र कार्यकर्ती म्हणून काम मिळतं. हॉस्पिटलातल्या वैद्यकीय समाजसेवकाच्या जागेला बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यू, म्हणजे यातलीच पुढची डिग्री मागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, त्यामुळे तिकडेही नोकऱ्या निघाल्या, पगार बरा, फोटो जास्त. ही शाखा काही कालपरवाची नाही. आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतात त्या टाटा संस्थेने १९३६ साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण सुरू केलं, आणि ग्रामीण भागासाठी त्यांचा तुळजापूरला वेगळा कॅम्पस आहे.

गेल्या महिन्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मुलीला घेऊन आल्या. हिला म्हणे गावाकडे काम करायचंय, तू समजाव. समजाव म्हणजे काय, ते दोघींनी वेगवेगळं धरलं असावं. मी तिला एवढंच सांगितलं की कुठल्याही रेशन दुकानासमोर दोन तास बस आणि दिसेल ते लिहून आण. ती दीड पान घेऊन आली. तिसरीच ओळ होती, 'बायका वैतागलेल्या होत्या.' मी पेन्सिल घेतली आणि गोल केला. करताना बाईंची आठवण येऊन हसू आलं, ते तिला आवडलं नाही. वही उचलून गेली.

चार दिवसांनी परत आली. आता चार पानं होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'मशीन अंगठा घेत नाही. आजी बोट पदराला पुसते, परत ठेवते. परत पुसते. तिसऱ्यांदा थुंकी लावून पुसते. मागची बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते.'

मी वही तिला परत दिली. काकू अजून विचारतायत, फॉर्म भरायचा की नाही.