ओम्नीत कुठलं कूलंट घालू?

तुळजापूरच्या घाटात सीट तापायला लागली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. आत काही बिनसलं की आधी आपल्या बुडाला कळतं, मग तापमानाच्या काट्याला. मे महिना, दुपारचे दोन, मागे टॉवेलचे सोळा गठ्ठे. काटा लाल पट्टीला टेकला नव्हता, पण निघाला होता तिकडंच. गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि तासभर रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. एवढी अक्कल मला आहे.

गार झाल्यावर उघडलं, तर आत दाण्याची आमटी. तोच रंग, तोच दाटपणा. झाकणाच्या आतल्या रबरावर चिकट गाळ बसलेला, नखानं खरवडला तर साबणासारखा निघाला.

कर्म माझंच. गाडी २००४ ची, पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग परत करून घेतलेली. मुळात हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं द्रव, होतं. पातळी उतरली की मी बोअरचं पाणी घालायचो. दिवाळीत लाल कूलंटचा डबा आणला आणि तो त्याच्यावरच ओतला. लाल महाग, म्हणजे चांगलंच असणार, हा माझा हिशोब.

अशोक चौकाकडच्या आमच्या मिस्त्रीनं आत डोकावून बघितलं. "काय मालक, रेडिएटरात स्वयंपाक मांडलाय व्हय?" दुसऱ्या गॅरेजवाल्याचा सल्ला सोपा होता: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका, साधं पाणी घाला, सोलापुरात काय बर्फ पडतंय? एक संध्याकाळ मला ते पटलंसुद्धा.

पण बर्फाचा इथं संबंधच नाही. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ द्रव) आणि निम्मं पाणी असलं की ते उघड्यावरसुद्धा १०० ऐवजी साधारण १०७ अंशाला उकळतं, आणि झाकणाच्या दाबानं ती हद्द आणखी वर जाते. आपल्याकडं पारा ४३-४४ ला गेल्यावर हेच अंतर कामाला येतं. शिवाय आतला गंज अडवायची औषधं कूलंटमध्येच असतात. बोअरच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. आमच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बघितलाय ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आणि थर्मोस्टॅट काढला की इंजिन वेळेत गरमच होत नाही, पेट्रोल तेवढं ढोसतं.

खरा घोळ रंगाचा. चार दुकानांत चार उत्तरं मिळाली. मग डबे उलटे करून पाठीमागचं वाचायला लागलो, दुकानदार वैतागेपर्यंत. रंग हा नुसता रंग असतो, कंपनी घालेल तो. बहुतेक वेळा हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं, सिलिकेट-फॉस्फेटवालं, दोन वर्षांत बदलायचं. लाल-नारिंगी म्हणजे सेंद्रिय आम्लांचं, पाच वर्षांपर्यंत चालणारं. पण याची खात्री डब्यावरच्या मजकुरावरून करायची, रंगावरून नाही. आणि दोन्ही एकत्र केली की औषधं एकमेकांत अडकतात, प्रसंगी गाळ धरतो. आमटीचा उलगडा तिथं झाला.

माझा रेडिएटर तांब्या-पितळेचा, एकदा झाळ मारून घेतलेला. शिशाची झाळ असलेल्या जुन्या रेडिएटरला सेंद्रिय आम्लाचं कूलंट घालू नये असं बरेच जण सांगतात. तेव्हा जुन्या पद्धतीचंच घ्यायचं ठरवलं. दोन वर्षांनी बदलावं लागेल, लागू दे. त्या निमित्तानं झाकण तरी उघडलं जाईल.

तयार मिसळलेलं घेतलं, आयएस ५७५९ हा कूलंटचा भारतीय मानक क्रमांक छापलेलं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, स्वस्त पडतं, पण त्यात कुठलं पाणी घालायचं हा प्रश्न परत माझ्याच गळ्यात. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर जास्त थंडावा मिळेल असंही नाही. उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं काही नाही.

रविवारी सकाळी गार इंजिनातून सगळं टबात काढलं आणि टब लगेच झाकला. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटायला टपलेलीच असतात. चार वेळा पाणी भरून, इंजिन चालवून, गार करून सोडलं. चौथ्यांदा स्वच्छ आलं. शेवटचं खळबळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं. मग गाडीचं तोंड उतारावर वर करून नवीन कूलंट हळूहळू ओतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि आतली हवा निघावी म्हणून वरचा होज पाइप दाबत बसलो. बुडबुडे थांबायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा खाली, परत भरली.

परवा त्याच घाटातून अठरा गठ्ठे घेऊन गेलो, काटा मधे होता आणि सीट गार. अर्धा उरलेला लाल डबा मेहुण्याच्या गाडीला देऊ का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या हातचं काय बी नको, दाजी."