सहाच्या सहा ग्लास

"ग्लास सहाच्या सहा आहेत का, ते आधी बघ."

इंडियानातल्या ऑबर्नला आज लिलावाआधी गाड्या मांडल्या होत्या. समोर १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम. छत चक्क स्टेनलेस स्टीलचं, मागचे दरवाजे उलटे उघडणारे. एक आजोबा मोबाईलचा टॉर्च मारून ग्लोव्ह बॉक्समध्ये डोकावत होते, आजी कागदावर टिक करत होत्या. चुंबकाने चिकटणारे पेले, लिपस्टिक, आर्पेज सेंटची बाटली... हा सगळा थाट कंपनीच गाडीबरोबर द्यायची!

तेव्हाची किंमत १३,०७४ डॉलर. तेवढ्यात पाच शेवरोले बेल एअर दारात उभ्या राहिल्या असत्या. त्या वर्षी ब्रोहॅम बनल्या जेमतेम ४००.

पण या गाडीची खरी करामत म्हणजे एअर सस्पेन्शन. धक्के झेलायला स्प्रिंगांऐवजी हवा. प्रकरण भारी, पण हवा गळायची आणि उभी गाडी खाली बसायची. वैतागून कित्येक मालकांनी साध्या स्प्रिंगा टाकून घेतल्या. या गाडीतही तेच झालेलं. गाडीच्या माहितीच्या कार्डावर अगदी शेवटी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं.

त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. लिपस्टिक मात्र ओरिजिनल हवी!

मी पडलो मेकॅनिकलवाला, म्हणून जरा जास्तच खुपलं असेल. ज्यासाठी इंजिनियरांनी डोकं फोडलं ते काढून टाकलं तरी चालतं, पेला हरवला की भाव पडतो.

बरं, घेणारा ही चालवणार तरी आहे का? की ट्रेलरवरून थेट दुसऱ्या गॅरेजात?