पावसात भिजणारा जादूगार

अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांच्या 'अर्थसी' या जादूगारांच्या कादंबरीमालिकेचा पहिला भाग माझ्या भाच्याने यंदा मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवसांत वाचून संपवला आणि पुस्तक परत करताना एकच प्रश्न विचारला : "मावशी, याची वेब सिरीज का नाही काढत कुणी?" त्याच्या पिढीकडे पुस्तकाला देण्यासारखी याहून मोठी दाद नाही, हे मला ठाऊक आहे, तरीही माझ्या तोंडून "नको रे बाबा" इतक्या चटकन निघून गेले की तो बिचारा चपापला. तेव्हापासून त्या 'नको'ची कारणे मी स्वतःशीच जुळवीत बसले आहे.

अर्थसी म्हणजे असंख्य बेटांचा समुद्र. देवनागरीत लिहिताना या नावात 'अर्थ' आपोआप येऊन बसतो, हा निव्वळ योगायोग असला तरी मला तो आवडतो, कारण तिथली सारी जादू शब्दांची आहे. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला एक खरे नाव असते, ते ज्याला कळले त्याची सत्ता त्याच्यावर चालते, आणि म्हणून माणसे आपले खरे नाव जिवापाड जपतात. ज्यांच्या बारशाला आत्याने कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितले आहे आणि ज्यांचे राशीवरून आलेले नाव पत्रिकेबाहेर फारसे कुणाला माहीत नसते, अशा वाचकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कथानायकाला सगळे 'स्पॅरोहॉक' म्हणतात, म्हणजे आपल्या शिक्र्याच्या भाऊबंदांपैकी एका पक्ष्याच्या नावाने. पण तेराव्या वर्षी त्याची चेटूक जाणणारी मावशी त्याचे लहानपणीचे नाव काढून घेते, तो झऱ्याच्या बर्फगार पाण्यातून एकटा पलीकडे चालत जातो आणि काठावर उभा असलेला ओजियन नावाचा जादूगार त्याचा दंड धरून हलकेच 'गेड' हे खरे नाव सांगतो. (मावशीच्या वाट्याला फक्त काढून घेण्याचे काम यावे, हे मला तितकेसे पसंत नाही.) त्या क्षणापासून लेखिकाही त्याला गेडच म्हणते. जे नाव त्याच्या बहुतेक सोबत्यांनाही कळत नाही, ते आपल्याला विश्वासाने सांगितलेले असते, आणि पुढची सगळी पाने आपण ते पोटात ठेवून वाचतो.

२००४ मध्ये अमेरिकेतील एका वाहिनीने या पुस्तकांवर लघुमालिका काढली, तेव्हा ही दोन नावे चक्क उलटसुलट केली : 'गेड' हे चारचौघांत हाक मारण्याचे नाव झाले आणि 'स्पॅरोहॉक' हे गुपित ठरले. बारीकशी बाब, असे कुणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टीचा सारा प्राण नावांत आहे, तिच्यात नावेच अदलाबदल करणाऱ्याने पुस्तक कसे वाचले असेल, याचा अंदाज येतो. ल ग्विन या मालिकेच्या कागदोपत्री सल्लागार होत्या, पण सल्ला कुणी मानला नाही, आणि त्यांनी त्यावर एक खरमरीत लेख लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप मात्र नावांना नव्हता, रंगाला होता. पुस्तकातला गेड तांबूस तपकिरी कातडीचा आहे, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे आहेत ते सुरुवातीला गावावर चाल करून येणारे कार्ग. पडद्यावरचा गेड मात्र गोरापान होता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पहिल्या वाचनात माझ्याही मनातला गेड गोराच होता. इंग्रजी पुस्तक, जादूगार, हातात दंड, एवढ्या सामग्रीवर मी, पुण्यातल्या एका सावळ्या मुलीने, त्याला परस्पर गोरे करून टाकले होते. पुस्तक रंगाचा डांगोरा पिटत नाही. गेडवर आपला जीव जडतो आणि मग कुठेतरी, व्हेचचे वर्णन करता करता, दोघांचेही रंग सहज सांगितले जातात. मी ते वाक्य दुसऱ्या वाचनात पाहिले आणि मला माझीच लाज वाटली. पडद्यापाशी हा धीर नसतो. नट पहिल्याच दृश्यात चेहरा घेऊन येतो; तो चेहरा योग्य असला तरी ती उशिरा उमगण्याची चपराक हुकते, आणि चुकीचा असला तर माझ्यासारखीच्या चुकीवर शिक्कामोर्तब होते.

यानंतर २००६ मध्ये जपानच्या घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने चित्रपट काढला. स्टुडिओचे नावाजलेले दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांना ही पुस्तके कधीपासून हवी होती. प्रत्यक्षात दिग्दर्शन त्यांच्या मुलाने, गोरो यांनी केले. समुद्र आणि आभाळ त्यात डोळे भरून पाहावे असे आहे. पण शेवटी सगळे वाईट एका खलनायकात कोंबून त्याला मारून टाकले आहे. पहिल्या पुस्तकात मात्र गेड त्याच्याच जादूतून मोकाट सुटलेल्या ज्या सावलीपासून जीव घेऊन पळतो, आणि नंतर जिचा पाठलाग करतो, तिला मारता येत नाही. ती समोर आल्यावर दोघेही एकाच वेळी एकमेकांचे नाव उच्चारतात, आणि ते एकच नाव असते. हे कागदावर एका ओळीत होते. पडद्यावर तिथे काय दाखवणार, याचा मी पुष्कळ विचार केला. धूर आणि उजेड यांपलीकडे मला काही सुचले नाही.

माझ्या 'नको'चे खरे कारण मात्र याहूनही साधे आहे, आणि ते पावसाच्या प्रसंगात आहे. गेड शिष्य म्हणून ओजियनच्या मागोमाग डोंगरातून चालला आहे. जादू शिकायला मिळेल या आशेवर असलेल्या या पोराला गुरुजी आतापर्यंत रानातल्या झाडपाल्याची ओळख करून देण्यापलीकडे गेलेले नाहीत. तेवढ्यात पाऊस येतो. त्या मुलखातले बारीकसारीक मांत्रिकसुद्धा डोक्यावरचा ढग पुढच्या गावावर ढकलून देतात. भूकंप थांबवणारा ओजियन मात्र पाऊस पडू देतो, एक दाट झाड पाहून त्याखाली आडवा होतो, आणि गेड झुडपात गुडघे पोटाशी घेऊन, चिंब भिजून, धुसफुसत बसतो. सामर्थ्य वापरायचेच नसेल तर ते असून उपयोग काय, असे त्याला वाटते. कोट्यवधी डॉलर खर्चून जादू दाखवायला बसलेला निर्माता न केलेली जादू कशी दाखवणार? पहिल्या कात्रीला हाच प्रसंग बळी पडेल, आणि तो गेला की मागे उरतील ती ड्रॅगन असलेली आणखी एक मालिका आणि तिचे खेळण्यातले ड्रॅगन.

श्रुतिका असेल तर माझी हरकत नाही. बीबीसीने २०१५ मध्ये तशी केलीही. शब्दांची जादू कानांनी ऐकण्यात काही बिघडत नाही, आणि ऐकणाऱ्याला स्वतःचा गेड स्वतःच उभा करावा लागतो, चुकीच्या रंगाचा का होईना.

हे सगळे मी भाच्याला गेल्या रविवारी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण मावशी, मला तो पावसाचा सीन आठवतच नाही." मी पुस्तक काढून ते पान त्याच्यासमोर ठेवले. तो उभ्या उभ्याच वाचू लागला.