पोपटी साडी

मिसिंग, म्हणजे बेपत्ता माणसाची नोंद, दाखल करताना आम्हा पोलिसांचं एक ठरलेलं वाक्य असतं. 'राहते घरातून कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेली आहे, नातेवाईकांकडे व आजूबाजूस शोध घेतला असता मिळून आली नाही.' हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल याचा हिशोब नाही, हात आपोआप चालतो. त्याखाली वर्णन यायचं. वय, उंची, बांधा, वर्ण, नाक सरळ, केस काळे लांब, नेसणीस अमुक रंगाची साडी, गळ्यात काळ्या मण्यांचे मंगळसूत्र, पायात जोडवी, मराठी भाषा बोलते. खाली खबर देणाऱ्याची सही किंवा अंगठा, झालं.

२०११ ची गोष्ट. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका स्टेशनला होतो, तेव्हा पोलीस नाईक होतो (आता ते पदच राहिलं नाही). गौरी विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते, बंदोबस्ताचा शीण अंगात होता आणि सकाळी अकराच्या सुमारास एक तिशीतला माणूस आला, बरोबर त्याची आई आणि सहा वर्षांची पोरगी. म्हणाला बायको पहाटेपासून घरात नाही. धार काढली, चहा टाकला, आणि मग कुठं गेली कुणाला माहीत नाही. चहा चुलीवर आटून गेला होता म्हणे. दोन वर्षांचा पोरगा घरी शेजारणीकडं ठेवून आले होते.

माणूस कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. फोटो म्हणून लग्नातला आणला होता, त्यात स्वतःचा अर्धा भाग कात्रीनं कापलेला, पण तिच्या खांद्यावर त्याची बोटं राहिली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. भांडण झालं होतं का, माहेरी गेली असेल का, कुणाचा फोन येत होता का, कुणावर संशय. घरात मोबाईल एकच आणि तो त्याच्याकडं, त्यामुळं तिचं लोकेशन बिकेशन काही काढायचा प्रश्नच नव्हता.

मग साडीचा रंग विचारला तर त्याला सांगता येईना.

म्हणजे तो खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, पण येईना. आई म्हणाली मी वस्तीवर झोपले होते. आमचे साहेब तेवढ्यात बाहेर आले, त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "बायकोनं काय नेसलंय ते माहीत नाही? कसला नवरा रे तू?" तेवढ्यात ती पोरगी आजीच्या पदराआडून म्हणाली, "पोपटी. काठाला मोर हायत."

मी लिहिलं, नेसणीस पोपटी रंगाची मोराच्या काठाची साडी. बिनतारी संदेशात तेच गेलं, सगळ्या जिल्ह्यांना पाठवलेल्या शोधपत्रिकेत तेच, एसटी स्टँडवर चिकटवलेल्या कागदावर तेच.

बाहेरच्यांना वाटतं पोलीस मिसिंगमध्ये काही करत नाहीत. खरं सांगायचं तर सज्ञान बाई स्वतःहून गेली असेल तर तो गुन्हाच नाही, त्यामुळं एफआयआर नाही, नुसती रजिस्टरला नोंद आणि चौकशी. अल्पवयीन असेल तर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो, यंत्रणा हलते. तीस वर्षांच्या बाईसाठी एक अंमलदार, आणि त्याच्याकडं समन्स, बंदोबस्त, मोर्चे, सगळंच. तरी मी त्या केसमध्ये फिरलो. का ते माहीत नाही, त्या बोटांमुळं असेल.

अकराव्या दिवशी कर्नाटक हद्दीतल्या एका स्टेशनचा फोन आला, कृष्णेत बाईचं प्रेत लागलंय, वय अंदाजे पंचवीस ते पस्तीस. आमच्याकडं नदीत गेलेलं माणूस नरसोबाच्या वाडीच्या पुढं लागलं नाही तर तिकडंच लागतं, हे इथल्या प्रत्येक हवालदाराला पाठ असतं. नवरा, तिचा भाऊ आणि मी, भाड्याची जीप करून गेलो. भाडं नवऱ्यानं दिलं, ते पण सांगून टाकतो, तसंच चालायचं.

पाण्यात दहा-अकरा दिवस राहिलेलं प्रेत ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं बघितलं नाही त्यानं विचारू नये. चेहरा नव्हताच. हातापायाची कातडी मोज्यासारखी सुटली होती, जोडवी असतील तर ती गेली होती. गळ्यात काही नव्हतं. अंगावर साडी मात्र गुंडाळून राहिली होती, चिखलानं माखलेली. तिथल्या माणसानं काठीनं पदर उलटा केला, आतून निळी. काठ साधा.

भाऊ नाकाला रुमाल लावून म्हणाला, "निळी हाय. आमची न्हवं." नवरा बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, "काय म्हणता?" तो म्हणाला, "पोरगी पोपटी म्हणती न्हवं, साहेब?" मी म्हटलं हो, पोपटीच आहे रेकॉर्डला. मग त्यानं मान हलवली.

त्यांचा जबाब झाला, ओळख पटली नाही. येताना म्हैसाळच्या अलीकडं गाडी थांबवली, तिघांनी गरम भजी खाल्ली. इतकी खाल्ली की शेवटी हॉटेलवाला म्हणाला पीठ संपलं. मेहुणा-दाजी एकमेकांच्या ताटलीतली मिरची उचलत होते. ती नव्हती ना, म्हणजे आहे कुठंतरी! मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या दोघांनी एकत्र बसून खाल्लेलं ते शेवटचं. पंधरा दिवसांत माहेरच्यांचा अर्ज आला, नवऱ्यानं मारून पुरलंय म्हणून.

मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, मी सविस्तर लिहिणार नाही, चार दिवस तो स्टेशनला येत-जात होता आणि पाचव्या दिवशी त्याला नीट बसता येत नव्हतं. फिरून फिरून मुद्दा एकच, साडीचा रंग का माहीत नव्हता. त्या रात्री मी घरी जाऊन जेवायला बसलो, बायको समोर वाढत होती, मी मुद्दाम डोळे मिटले आणि आठवून बघितलं हिनं आज काय घातलंय. नाही आठवलं. पण दुसऱ्या दिवशी ही गोष्ट साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही.

विहीर उपसली, तीन पंप लावून. शोषखड्डा उकरला. नवीन पाइपलाइनची चर होती, ती उकरली. अख्खं गाव बांधावर उभं. काही सापडलं नाही, पण गावाला पुरावा लागत नाही. कारखान्यानं पुढच्या सीझनला बोलावलं नाही. दुकानदार उधार देईना. माहेरचे येऊन रुखवतातली भांडी, कपाट, तिची पेटी सगळं ट्रॉलीत भरून घेऊन गेले आणि त्यासोबत दोन वर्षांचा पोरगा पण नेला. पोरगी आजीला बिलगून बसली म्हणून राहिली. बंदोबस्ताला मीच होतो. पेटीला कुलूप तसंच होतं, किल्ली कुणाकडंच नव्हती.

तिचा बाप वेगळाच होता, त्यानं कधी कुणाला शिवी दिली नाही. वीस गुंठे विकून शोधत फिरला. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला वाळवंटात फोटो धरून उभा राहायचा. देवऋषी झाले, येरवड्याचं मनोरुग्णालय झालं, रत्नागिरीचं झालं. कुणीतरी सांगितलं कर्जतला एक संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, तिथंही जाऊन आला. आला की आधी स्टेशनला यायचा आणि मला रिपोर्ट द्यायचा, जणू मी त्याला पाठवलं होतं. "पोपटी साडीतली एक होती साहेब तुळजापूरला, पर वय जास्ती हुतं." दोन-तीन वर्षांनी पण साडी तीच असेल असं धरून चालला होता तो. मी कधी बोललो नाही काही. कोरोनात गेला.

मी २०१४ ला बदलून गेलो, मुख्यालय, मग दुसरं स्टेशन. मधे २०१९ च्या महापुरात बोटीवर ड्युटी लागली होती. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, गावंच्या गावं आत. एका वस्तीवर माळवदावर एक माणूस बसलेला आणि बोटीत यायला तयार नाही. जवळ गेल्यावर ओळखलं. दाढी वाढलेली, दारूनं तोंड सुजलेलं. पोरगीला आणि आईला आदल्या दिवशी पाठवलं होतं, हा बसून. मी म्हटलं चल, तर म्हणाला, "ती आली तर घराला कुलूप दिसंल की." जवानांनी उचलून बोटीत घातला. दोन वर्षांनी लिव्हर खराब होऊन तो पण गेला, हे मला नंतर कळलं.

आता त्या दिवसाचं सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलंय.

२०२३ ला मी फिरून त्याच स्टेशनला आलो, सहायक फौजदार म्हणून. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला एक मुलगी आली, एकोणीस-वीसची, खांद्याला सॅक, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मिसिंगची सर्टिफाइड नक्कल पाहिजे म्हणाली. वर्ष २०११. मी नाव विचारायच्या आधीच ओळखलं होतं.

काम साधं होतं. बाप गेला, सातबाऱ्यावर वारस लावायचे, तर तलाठी म्हणतो मयताची पत्नी पण वारस आहे, तिचं नाव लावावं लागेल, आणि मग बँकेचं प्रकरण असो की काही असो, तिची सही आणा. सही कुठून आणणार? सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागला नाही तो मेला असं कायदा धरतो, जुना साक्ष कायदा कलम १०८, नवीन कायद्यात १११, पण धरतो म्हणजे आपोआप नाही, दिवाणी कोर्टात दावा लावून जाहीर करून घ्यावं लागतं आणि तिथं आमची नोंद आणि 'मिळून आली नाही' असा रिपोर्ट लागतो. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर आई हयात का मयत हा रकाना यायचा म्हणे, ती कोरा ठेवायची, मास्तर ओरडायचे. भाऊ पंधराचा झालाय, मामाकडंच असतो, रस्त्यात दिसला तर मान फिरवतो. त्याला शिकवलंय बापानं आईला मारलं म्हणून.

हे सगळं ती अगदी सरळ आवाजात सांगत होती. रजिस्टर महापुरात भिजलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, मी पट्टीनं हळूहळू सोडवून ते पान काढलं. माझंच अक्षर. तिनं वाकून वाचलं आणि 'पोपटी रंगाची'वर बोट ठेवलं.

मग पिशवीतून साडी काढून टेबलावर ठेवली. पोपटी. काठाला मोर. घड्या मोडलेल्या जागी रंग विटलेला, डांबरगोळीचा वास.

"आजी वारली ना गेल्या महिन्यात, आईची आई. बाराव्याला गेले होते. मामी म्हणाली तुझ्या आईची पेटी आहे, घेऊन जा, अडगळ झालीय. कुलूप दगडानं फोडलं. सगळ्यात वर हीच होती."

मी काही बोललो नाही.

"आदल्या दिवशी नेसली होती काका तिनं. त्या दिवशीचं मला माहीतच नव्हतं, मी झोपले होते. पण मला वाटलं हीच असणार. सगळे बाबांना विचारत होते आणि त्यांना येत नव्हतं, म्हणून मी सांगितलं."

टेबलावर पंख्यानं पदर हलत होता. शेजारी संगणकावरचा पोरगा टायपिंग थांबवून बघायला लागला, मी त्याला बाहेर पाठवलं. डोक्यात एकच चाललं होतं, काठीनं उलटा केलेला तो पदर. वाटलं सांगू नये. तेरा वर्षं झाली, सिद्ध काहीच होणार नाही, निळी साडी नेसलेली बाई कुणीही असू शकते, उगाच पोरीच्या डोक्याला काय लावून द्यायचं. नक्कल द्यावी आणि मोकळं व्हावं. शिक्का उचलला पण होता.

ती म्हणाली, "बाबा प्यायले की निळी निळी म्हणायचे. निळी साडी. आजीला पण विचारलं, तिला माहीत नव्हतं. तुम्हाला माहितीय का काही?"

सांगितलं मग. सगळं, भज्यांसकट. ती मधे एकदाही बोलली नाही, साडीच्या काठाचे दोरे निघाले होते ते बोटाला गुंडाळत बसली. शेवटी एवढंच विचारलं, "कुठं पुरलं तिला?"

मला माहीत नव्हतं. त्याच दुपारी तिकडच्या स्टेशनला ओळखीच्या माणसाला फोन लावला. ते लोक याला यूडीआर म्हणतात, आपल्याकडं अकस्मात मृत्यू. चार दिवसांनी त्याचा फोन आला, २०११ च्या त्या फायली निकाली निघून नष्ट झाल्यात, फोटो नाहीत, कपडे नाहीत, बेवारस प्रेतं नदीकाठच्या ज्या जागेत पुरायचे तिथनं दोन-तीन पूर गेलेत. हाड मिळालं असतं तर पोराच्या आणि पोरीच्या रक्ताशी डीएनए लावून बघता आला असता. तिला फोनवर सांगितलं, 'बरं काका' म्हणाली.

साडी तिनं त्या दिवशी विचारलं होतं जमा करून घेता का म्हणून. मिसिंगला मुद्देमाल नसतो, घेणार कशात? परत दिली. तिचा पुरवणी जबाब मात्र घेतला, नेसणीस असलेल्या साडीचा रंग माहीत नाही म्हणून. निळीचं त्यात लिहिलं नाही, कारण तो तिचा जबाब, माझा नाही.

कोर्टाला रिपोर्ट गेला महिन्यानं. त्यावर माझी सही आहे. सदर महिलेचा वेळोवेळी शोध घेतला असता अद्यापपावेतो मिळून आलेली नाही.