एका कंदाची सारी बाग, तरी तीन तऱ्हेची खुजी झाडं

केळीच्या रोपांत भेसळ होणं तसं अवघड. ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे फळात धड बी धरत नाही. टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे निवडलेल्या कंदाचा कोंब प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा फोडून वाढवलेल्या प्रती. आई-बापाच्या गुणांची सरमिसळ होण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून रावेर तालुक्यातल्या नानांचा नोव्हेंबरात फोन आला, "भाऊ, मले भेसळीची रोपं दिली त्या नर्सरीवाल्यानं. एक झाड डोक्याच्या वर, तर शेजारचं कमरेला," तेव्हा मला बाग बघायची उत्सुकता जास्त होती, काळजी कमी.

पोचलो तर बांधावर सभाच भरलेली. पुतण्याने ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीचा कच्चा कागद तयार ठेवलेला. नर्सरीचा माणूसही आला होता आणि त्याचं एकच पालुपद होतं: रोपं सगळी सारखीच, दोष पाण्याचा नाहीतर खताचा. दोघांनाही माझ्याकडून एका शब्दात निकाल हवा होता, जीन (म्हणजे रोपाचा जन्मजात गुण) की जमीन.

मी आधी झाड पाहिलंच नाही. खुज्या दिसणाऱ्या प्रत्येक झाडाला लाल चिंधी बांधायला सालदाराला सांगितलं आणि विहिरीजवळच्या मोटारखोलीच्या धाब्यावर चढलो. वरून चित्र उघड होतं. ईशान्येच्या कोपऱ्यात चिंध्यांचा गोल दाट पट्टा आणि उरलेल्या बागेत तुरळक, कुठेही, एकेकटी चिंधी. जमीन खराब असली तर ती ओळीतलं नेमकं एक झाड निवडून शेजारची दोन सोडून देत नाही. उलट रोपातला बदल एका कोपऱ्यात गोळा होत नाही. एकाच ट्रेमधली वाईट रोपं एके ठिकाणी लागली असं होऊ शकतं, ही शंका मी विचारून घेतली. पण ट्रे ओळीने लावले होते आणि तो पट्टा ओळींना आडवा छेदत गोल पसरला होता.

कोपऱ्यात कुदळ मारली. वीतभर मातीखाली ती खणकन वाजली. मुळं त्या थरावर आडवी पसरलेली, आत एकही नाही. नानांची आई बाजूला उभी होती, ती म्हणाली, "हे आपलं जुनं खळं. इथं बैलांची पात फिरायची." वर्षानुवर्षं चोपून, सारवून घट्ट केलेली ती जमीन. पुढे कुणीतरी वरून नांगर फिरवला, खालचा थर तसाच राहिला. केळीची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, इथे तर तेवढीही जागा नव्हती. त्या झाडांत दोष काही नव्हता, ती नुसती वाढीत मागे पडली होती; पानंही एकूण कमीच निघालेली होती.

तुरळक झाडं मात्र निराळी. पानांची संख्या शेजाऱ्याइतकीच, पण देठ आखूड, पान रुंद आणि बसकं, सगळी पानं वर एकमेकांवर चढलेली. पर्णगुच्छ या विषाणूच्या रोगातही असं दिसतं, म्हणून देठांवर गडद हिरव्या तुटक रेषा आहेत का ते नीट पाहिलं. नव्हत्या. दोन-तीन झाडांच्या पानांवर मात्र पिवळे पट्टे होते. तो हरण्या, काकडीवर्गीय पिकांतून माव्यावाटे येणारा विषाणू. शेजारच्या शेतात वेल होतेच. ती झाडं त्याच दिवशी कंदासकट उपटून पुरायला लावली. त्यात ना जमिनीचा दोष, ना रोपाचा.

उरलेली आखूड देठांची झाडं म्हणजे प्रयोगशाळेतला बिघाड. कोंब फोडत जाताना कधी एखाद्या पेशीत बदल होतो आणि तिच्यापासून निघालेलं रोप कायमचं खुजं राहतं. ग्रँड नैनच्या गटात हा सर्वांत नेहमीचा बदल. कोंब जितक्या जास्त वेळा फोडावा तितकी ही शक्यता वाढते. नर्सरीच्या माणसाचा चेहरा इथे जरा उतरला.

पुतण्याला हे पटेना. "दोन्ही खुजीच, मग तुम्ही ठरवणार कोण?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, झाडालाच विचारू. खळ्यावरच्या आणि आखूड देठाच्या, अशा दोन्ही झाडांचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, काढून विहिरीकाठच्या सकस जमिनीत शेजारी शेजारी लावायला सांगितले.

थंडीत ते जागचे हलले नाहीत. याच थंडीत पलीकडच्या रानातला हरभरा मात्र तरारला होता; थंडी केळीला रोखते, हरभऱ्याला मानवते. ऊन तापल्यावर खळ्याचे मुनवे चारचौघांसारखे वाढले, दुसरे बसकेच राहिले. नर्सरीने तुरळक झाडांपुरती नवी रोपं दिली, खळ्याची नाहीत. माझ्या मते हिशेब बरोबर झाला, पुतण्याच्या मते अर्धाच.

दरम्यान नानांनी वेगळंच ठरवलेलं. विहिरीजवळच्या सर्वांत भारी घडांच्या झाडांचेच मुनवे पुढच्या लागवडीला ठेवायचे. डेन्मार्कच्या योहानसेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने घेवड्यावर हेच करून पाहिलं होतं आणि १९०३ साली छापलं होतं, ते त्यांना सांगितलं. एकाच शुद्ध वाणातले टपोरे आणि बारके दाणे वेगळे पेरले, पुढच्या पिकात दोन्हींची सरासरी सारखीच. टपोरेपण खतापाण्याचं होतं, ते बियातून पुढे जात नाही. नाना क्षणभर थांबून म्हणाले, "मग झाडाचे मुनवे कशाला, ती जागाच ठिवतो मी." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मे अखेरीस घड कापायला आलेले असताना वादळ आलं. या पट्ट्यात ते दरसाल कुणाची ना कुणाची बाग झोपवतंच. नानांची निम्मी आडवी झाली. मी गेलो तेव्हा पडलेल्या ओळींमधून ती आखूड देठांची झाडं ठिकठिकाणी उभी होती. बुटकं खोड, वारा वरून गेला. खानदेशात ग्रँड नैनआधी घराघरांत असलेली बसराई तरी काय, ग्रँड नैनच्याच कॅव्हेंडिश गटातला ठेंगणा प्रकार.

"मग यायचेच मुनवे लावू का?" नानांनी विचारलं. मी घड दाखवला: फण्या एकमेकींत दाटलेल्या, केळं आखूड. व्यापारी याला निर्यातीच्या पेटीत घालणार नाही. नानांनी मान हलवली. पावसाळ्यात पुतण्याकडून कळलं, पश्चिमेच्या बांधाला, जिकडून वारा येतो तिकडे, नानांनी तेच मुनवे दोन ओळींत लावलेत. घरी खायला आणि वाऱ्याला आडोसा म्हणून.