नव्या योकवरचे पहिले उड्डाण

अनेक आठवडे विचार करून घेतलेला हनीकोंब अल्फा योक (विमान वळवण्याचे व वर-खाली नेण्याचे हँडल) आज टेबलाला घट्ट आवळून बसवला आणि सिम्युलेटरमधील सेसना १७२ हे छोटे विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरवले. आधीचा स्वस्त योक मधल्या स्थितीतून सरकताना किंचित अडखळत असे, त्यामुळे ६५ नॉटचा (ताशी सुमारे १२० किमी) वेग राखून खाली येताना नाक जरासे उचलायला जावे, तर ते एकदम वर उसळत असे. येथे पोलादी दांडा सलग सरकतो. एकूण १८० अंश फिरण्याची मुभा असल्याने (जुन्यात ती निम्मीच होती) वळणेही हळुवार घेता येतात. स्प्रिंग अंमळ कडक वाटली. ट्रिम (योक ओढून न धरताही नाक हव्या कोनात राखणारी सोय) लावायचे सोडून योकच ओढून धरण्याची माझी खोड मात्र या महागड्या उपकरणानेही मोडली नाही. दुसऱ्या फेरीत विमान धावपट्टीवर दोनदा उसळलेच.